२०१८: माझ्या वहीतले मानकरी (तुमचेही लिहा)

मधली_रांग | २९ डिसेंबर २०१८, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी,

डिसेंबर संपत आला की मी माझी सिनेमाची वही काढून बसते. यंदा वहीत ७१ नोंदी झाल्यात, त्यातले निम्मे थिएटरात आणि बाकीचे घरी. पूर्वी मी पण सर्वोत्कृष्ट चित्रपट, सर्वोत्कृष्ट अभिनेता असे रकाने पाडायचे, पण गेली काही वर्षं ते सोडून दिलंय, त्याचं कारण आधी सांगते म्हणजे पुढची यादी विचित्र वाटणार नाही.

माझे बाबा टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. कार्बनच्या कांड्या जाळून पडद्यावर उजेड पाडणाऱ्या मशीनचे दिवस. दोन कांड्यांमधलं अंतर जरा वाढलं की पडदा पिवळा पडायचा, म्हणून ते शोभर मशीनपाशी उभं राहून कांडी सरकवत राहायचे, आणि आम्ही सिनेमा बघून घरी आलो की "कसा होता?" असं त्यांनी कधीच विचारलं नाही, ते विचारायचे "काय दिसलं?" मग आम्ही सांगायचो, घोडा दिसला, आग दिसली, हिरोईन रडताना तिच्या नाकाचा शेंडा लाल झालेला दिसला. बाबा खूश. त्यांच्या मते सिनेमात जे दिसतं आणि ऐकू येतं ते कुणीतरी माणसाने घाम गाळून तिथे आणलेलं असतं, आणि त्या माणसाचं नाव शेवटच्या पाट्यांत येतं तेव्हा लोक उठून चाललेले असतात. म्हणून माझ्या वहीत आता "काय दिसलं" हेच असतं आणि शक्य असेल तिथे ते करणाऱ्याचं नाव.

(स्पॉयलर टाळायचा प्रयत्न केलाय पण थोडंफार आलंच असेल, ज्यांनी बघितले नाहीत त्यांनी जपून.)

वर्षातला सगळ्यात चांगला पाऊस: तुंबाड. ह्यावर जास्त लिहिणार आहे, चालवून घ्या. १२ ऑक्टोबरला लागला, मी पहिल्याच रविवारी गेले आणि नंतर अजून दोनदा. आपल्या सिनेमात पाऊस येतो तो गाण्यासाठी नाहीतर मारामारीसाठी. इथे पाऊस थांबतच नाही, आणि तो कुठेही सुंदर नाहीये, तो ओल धरलेला, भिंतीला पोपडे आणणारा, माणसाच्या डोक्यात बसणारा पाऊस आहे. राही अनिल बर्वेने पहिलं शूटिंग २०१२ मध्ये केलं, मग २०१५ मध्ये बराचसा भाग पुन्हा शूट केला, आणि त्याच्या डोक्यात ही गोष्ट तर १९९७ पासून होती. एवढी वर्षं एक माणूस एकाच पावसाच्या मागे लागलाय हे पडद्यावर दिसतं. पंकज कुमारचा कॅमेरा (शिप ऑफ थीसियस आणि हैदर त्याचेच) उन्हाला जवळजवळ हातच लावत नाही. ढगांचा करडा उजेड आणि घरात कंदील, बस.

एक जागा सांगते. सुरुवातीच्या भागात लहान विनायक त्या म्हातारीला जेवण भरवायला जातो. पोराच्या हातात ताट आणि कंदील, आणि उजेड फक्त त्या कंदिलाएवढाच. पोराचा हात थरथरला की सगळी खोली थरथरते, भिंत जवळ येते आणि मागे जाते. म्हातारी नीट दिसतच नाही, जी दिसते ती तुकड्या-तुकड्याने. मी खुर्चीचा दांडा धरून बसले होते. आणि नंतर पाट्यांत कळलं की म्हातारी झालाय मोहम्मद समद, जो पोरगा नंतर विनायकचा मुलगा पांडुरंग म्हणून आख्खा उत्तरार्ध खाऊन टाकतो!! ह्या एका गोष्टीसाठी मेकअपवाल्यांना आणि त्या मुलाला साष्टांग.

वाईट एकाच गोष्टीचं वाटलं. दुसऱ्यांदा जिथे बघितला (नाव घेत नाही) तिथे प्रोजेक्टरचा दिवा इतका मंद होता की अर्ध्या सिनेमात नुसता काळोख. मॅनेजरला जाऊन सांगितलं तर म्हणे "मॅडम पिक्चरच तसा आहे". पिक्चर तसा नाहीये हो! मी चार दिवसांपूर्वीच बघितला होता! बाबा असते तर स्वतः वर चढले असते. आठ-दहा माणसं वर्षानुवर्षं खपून काळोखातला एकेक रंग वेगळा काढतात आणि शेवटच्या टप्प्यावर एका दिव्यापायी ते सगळं पाण्यात जातं.

सगळ्यात चांगली दहा मिनिटं, बोलण्याशिवाय: अंधाधुन. ज्यांनी बघितलाय त्यांना कळलं असेल कुठली. आयुष्मान पियानो वाजवतोय, मागे तब्बू आणि तिचा तो गृहस्थ जे आवरताहेत ते आवरताहेत, आणि वाजवणाऱ्याला थांबता येत नाही. संवाद जवळपास नाहीतच. हात, पाय, सुटकेस, चेहरा, परत हात. श्रीराम राघवनचं नाव सगळे घेतात आणि घ्यायलाच पाहिजे पण मला पूजा लढा सुरतीचं नाव घ्यायचंय, एडिटिंग तिचं आणि पटकथेतही तिचा वाटा. कुठला तुकडा किती सेकंद ठेवला तर माणूस आधी हसेल आणि मग हसल्याबद्दल दचकेल, ते तिला बरोबर कळलंय. माझ्या शेजारच्या काकू मोठ्याने हसल्या आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

सगळ्यात चांगले हात: गुलाबजाम. सचिन कुंडलकरचा, फेब्रुवारीत आला आणि लोक वर्षाअखेरीस विसरले. लंडनची बँकेतली नोकरी सोडून पुण्यात स्वयंपाक शिकायला आलेला मुलगा आणि डबे करणारी राधा. सोनाली कुलकर्णी रागावलेली असते तेव्हा वेगळी चिरते आणि खुशीत असते तेव्हा वेगळी, तिसऱ्या खेपेला माझं तिकडेच लक्ष होतं.

वर्षातली कलाकार: छाया कदम. ह्यात मला शंकाच नाही. एप्रिलमध्ये न्यूड मधली चंद्राक्का, मे महिन्यात रेडू मधली मालवणी घरधनीण, आणि ऑक्टोबरात अंधाधुन मधली लॉटरीची तिकिटं विकणारी सखू. तीन बायका, तीन भाषा, चालणं वेगळं, पदर खोचायची तऱ्हा वेगळी. न्यूड मध्ये ती यमुनाला (कल्याणी मुळ्ये, ती पण अफाट) जे. जे. आर्ट स्कूलमध्ये मॉडेल म्हणून बसायचं म्हणजे काय ते समजावते, त्यात कुठे लाज नाही आणि कुठे भाषण पण नाही, एखादी बाई दुसरीला पोळ्यांचं काम लावून देताना बोलेल तशी बोलते. तिघींपैकी एकीलाही पोस्टरवर मोठी जागा नव्हती.

सगळ्यात चांगलं पाणी: रोमा. जेमतेम पंधरा दिवस झालेत नेटफ्लिक्सवर येऊन. पहिल्याच शॉटमध्ये फरशी, त्यावर साबणाचं पाणी येतं, आणि त्या पाण्यात वरून जाणारं विमान दिसतं. मी फोनवर बघायला सुरुवात केली होती, तिथेच बंद केला आणि भावाकडे जाऊन टीव्हीवर बघितला.

सगळ्यात चांगलं फूल: ऑक्टोबर ह्या सिनेमातला प्राजक्त. आणि त्यातल्या मुलीच्या आईचं काम केलेली गीतांजली राव.

अजून बरंच आहे (नाळ आणि मुळशी पॅटर्नवर स्वतंत्र लिहायचंय) पण आता अकरा वाजून गेले. तुमच्या वहीत काय आहे? फक्त नाव टाकू नका प्लीज, काय दिसलं ते लिहा.

---

कर्वेरोडकर | २९ डिसेंबर, रात्री ११:५२

वा! काय धागा काढलाय. "काय दिसलं" हे फारच आवडलं, माझ्या पोरांना उद्यापासून हेच विचारणार.

माझी भर: मुळशी पॅटर्न. मी मूळचा त्याच भागातला, आमच्या दोन चुलत्यांच्या जमिनी गेल्यात, त्यामुळे मी हा सिनेमा तटस्थपणे बघूच शकत नाही आधीच सांगतो. मला काय दिसलं तर मोहन जोशींचे खांदे. जमीन असताना माणूस कसा उभा राहतो आणि विकल्यावर कसा उभा राहतो, दोन्ही त्यांनी नुसत्या खांद्यांनी केलंय. आमचे काका असेच उभे राहायला लागले होते शेवटी शेवटी. प्रवीण तरडेने भाषा पण आमची ठेवली, गुळगुळीत केली नाही.

आणि एक गंमत बघा, ओम भूतकर १६ नोव्हेंबरला नाळ मध्ये मामा आणि २३ नोव्हेंबरला मुळशी पॅटर्न मध्ये राहुल्या. एका आठवड्यात! मी दोन्ही लागोपाठ बघितले आणि अर्धा तास मला कळलंच नाही की हा तोच.

अजून एक पुण्याचा अभिमान: तुंबाडचा पंकज कुमार, अंधाधुनचा के. यू. मोहनन, नाळचा सुधाकर रेड्डी यक्कंटी, तिघेही कॅमेरावाले आपल्या लॉ कॉलेज रोडवरच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकून गेलेले.

---

जगबुडीकाठचा | ३० डिसेंबर, सकाळी ७:३५

लेख आवडला पण तुंबाडबद्दल माझी तक्रार आहे आणि ती मनापासून आहे.

तुंबाड हे आमच्या खेड तालुक्यातलं, जगबुडीच्या काठचं गाव. श्री. ना. पेंडशांच्या तुंबाडचे खोत ह्या कादंबरीमुळे वाचणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाच्या डोक्यात ते पक्कं बसलेलं. सिनेमाने नाव ते घेतलं, गोष्टीचं बीज नारायण धारपांकडून घेतलं, माणसं विनायक, सदाशिव, पांडुरंग, आणि बोलतात सगळे हिंदी! शिवाय जे उघडं बोडकं माळरान दाखवलंय तसं आमच्याकडे पावसाळ्यात कुठे असतं? कोकणात पाऊस पडला की आठ दिवसांत डोळ्यांना त्रास होईल इतकं हिरवं होतं. सासवडचा वाडा कोकणात कसा येईल? पाऊस उत्तम आहे हे मान्य, पण तो आमचा पाऊस नाही.

माझ्या यादीत रेडू सगळ्यात वर. सागर वंजारीचा पहिला सिनेमा. रेडू म्हणजे रेडिओ हो, मालवणीत. साधा रेडिओ घरात येतो आणि मग हरवतो, एवढीच गोष्ट. शशांक शेंडे त्या रेडिओला ज्या मायेने पुसतात ते बघून मला आमच्या आजोबांचा मर्फी आठवला, त्याला आजीने क्रोशाचा झगा शिवला होता. तो माणूस रेडिओचं बटण फिरवतो तेव्हा त्याचा चेहरा बघा, देवाची घंटा वाजवल्यासारखा. हे दिसलं मला.

---

मधली_रांग | ३० डिसेंबर, सकाळी ९:०५

@कर्वेरोडकर, खांद्यांचं वाचून अंगावर काटा आला. तुमच्या काकांबद्दल वाईट वाटलं.

@जगबुडीकाठचा, तुमची तक्रार मला पटते, अर्धी. मराठीत व्हायला हवा होता हे शंभर टक्के. ज्योती मालशे, अनिता दाते, दीपक दामले ही सगळी आपली मंडळी समोर असताना ती हिंदी बोलतात हे मला पण टोचलं, त्यातून दिग्दर्शक तर अनिल बर्व्यांचा मुलगा, थँक यू मिस्टर ग्लाड आणि हमीदाबाईची कोठी लिहिणाऱ्या माणसाचा. पण जागेबद्दल मला वाटतं की ते गाव शापित आहे, देवांनी त्यावर राग म्हणून पाऊस सोडलाय असं सिनेमा सुरुवातीलाच सांगतो, तर त्या पावसाने हिरवं होऊच नये हे मला बरोबर वाटलं. पाणी पडतंय पण काही उगवत नाहीये. उगवतं ते एकच झाड आणि ते कुठून उगवतं ते तुम्ही बघितलंय.

रेडू मी टीव्हीवर अर्धाच बघितला होता, लाज वाटली. पूर्ण बघते आणि लिहिते.

---

कान_उघडे | ३० डिसेंबर, सकाळी १०:४०

मी साउंडमध्ये काम करतो (नाव-गाव नको), म्हणून पावसाबद्दल थोडं.

पहिली गोष्ट, खरा पाऊस कॅमेऱ्यात सहसा दिसतच नाही. थेंब बारीक असतात, आणि उजेड समोरून असेल तर ते गायब. दिसायला हवा असेल तर उजेड मागून यावा लागतो आणि मागची बाजू काळपट हवी. म्हणून तर सिनेमात टँकर आणून वरून पाइपाने जाड थेंब सोडतात आणि मागे मोठा लाइट लावतात, त्याने चंदेरी पाऊस मिळतो, तो गाण्यातला. तुंबाडमध्ये बऱ्याच जागी मागून उजेड मारल्याचं जाणवतच नाही आणि तरी पाऊस दिसतो. ढगाळ उजेडात हे करायचं म्हणजे आभाळाची वाट बघत बसणं आलं.

दुसरी गोष्ट आवाज. पावसात शूट केलं की सेटवरचा आवाज जवळपास वाया जातो, सगळीकडे नुसता खळ्ळ. मग पाऊस नंतर थर लावून बांधावा लागतो. पत्र्यावरचा वेगळा, कौलावरचा वेगळा, चिखलातला, पानावरचा, वळचणीतून एका ठिकाणी पडणारा. खोलीत शिरलं की वरचे सूर कापायचे म्हणजे भिंत आल्यासारखी वाटते. कुणाल शर्माचं साउंड डिझाइन नीट ऐका, माणूस घराच्या जितका आत जातो तितका पाऊस बोजड होत जातो, आणि त्या शेवटच्या लाल जागेत तो बंद होतो. इतका वेळ कानात असलेला आवाज काढून घेतला की शांतताच अंगावर येते. भीती तिथून सुरू होते, चित्र नंतर.

तुमच्या बाबांना नमस्कार. दिव्याचं जे लिहिलंत तेच आवाजाचं पण होतं, आम्ही महिना-महिना बसून मिक्स करतो आणि थिएटरवाले तक्रार नको म्हणून आवाज दोन-तीन घरं खाली ठेवतात.

---

मांडवीचो_वारो | ३० डिसेंबर, दुपारी १२:१५

पणजीहून. पावसाचाच विषय निघालाय तर ई मा याव राहून कसा चालेल!! मल्याळम, लिजो जोस पेल्लिसेरीचा. गेल्या महिन्यात इफ्फीत (आमच्या गोव्यातला चित्रपट महोत्सव) त्याला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाचा रौप्य मयूर मिळाला आणि चेंबन विनोदला अभिनयाचा, आम्ही रांगेत उभं राहून बघितला.

समुद्रकाठच्या ख्रिस्ती कोळी वस्तीत एक म्हातारा मरतो. मुलाने त्याला वचन दिलेलं असतं की तुझी मिरवणूक थाटात काढीन, आणि खिशात पैसा नाही. बस एवढंच, आणि मग वारा सुटतो, पाऊस येतो, लोक येतात, बोलतात, भांडतात, शवपेटी, बँड, पाद्री. नाव म्हणजे ईशो मरियम यावसेप, मरणाऱ्याच्या कानात म्हणतात ते शब्द. माझ्या आज्जीच्या वेळी आमच्या शेजारच्या बायकांनी कोकणीत असंच जेजू-मारी-जुझे म्हटलेलं मला आठवतं, त्यामुळे मी थिएटरात रडलो ते वेगळ्याच कारणाने.

काय दिसलं? पावसात छत्र्या घेऊन उभी असलेली माणसं, ज्यांना जायचं पण आहे आणि काय होतंय ते बघायचं पण आहे. मयताच्या घरी असंच असतं. शैजू खालिदचा कॅमेरा त्या माणसांमधून शेजाऱ्यासारखा फिरतो. आणि वारा! सबंध सिनेमाभर मागे समुद्र चालू आहे.

---

वैनगंगा | ३० डिसेंबर, दुपारी २:४८

नाळ वर कोनीच नाही लिहिलं म्हनून मी लिहितो. भंडाऱ्याकडचा आहे, सध्या नागपूर.

आमच्याकडची नदी, आमची बोली, आमची घरं आजवर मराठी सिनेमात आली ती विनोदासाठी. विदर्भातला मानूस म्हनजे हसवनारा नोकर. सुधाकर रेड्डी हा तेलुगू मानूस, सैराटचा कॅमेरा त्याचाच, तो येऊन आमचं गाव असं दाखवतो का जसं आमच्या डोळ्याला लहानपनी दिसे. कॅमेरा पोराच्या उंचीवर ठेवला आहे बराचसा. मोठी मानसं कंबरेपासून दिसतात. वाळू, पानी, दुपारची झोपलेली गल्ली.

श्रीनिवास पोकळे, आठ-नऊ वर्षाचं पोट्टं असेल, तो अॅक्टिंग करतच नाही आहे. त्याले समजते का आपली आई सख्खी नाही, आन् तो घरात तेच सगळं करते जे आधी करे, पन आता आईकडे एक सेकंद जास्त पाहते. बस एक सेकंद. आन् देविका दफ्तरदार. तिच्या वाट्याले डायलॉग किती आहेत मोजा. पोरगं दूर जाते का काय ही भीती तिनं चुलीपुढे बसल्या बसल्या दाखवली. माझी बायको पूर्न सिनेमाभर माझा हात धरून होती, आम्ही पन एक लेकरू दत्तक घेतलं आहे. घरी आल्यावर पोराले जवळ घेतलं आन् काही बोललो नाही.

म्हनून माझ्यासाठी २०१८ म्हनजे देविका दफ्तरदार.

---

मधली_रांग | ३० डिसेंबर, दुपारी ३:२०

वैनगंगा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मी नाळवर काही स्वतंत्र लिहीत नाही आता, तुम्ही लिहिलंत तेच वहीत उतरवून घेते, चालेल ना? तुमच्या लेकराला खूप आशीर्वाद.

---

आजीची_गोधडी | ३० डिसेंबर, दुपारी ४:०५

कुणीच डॉ. घाणेकरांवरच्या सिनेमाबद्दल बोलत नाही म्हणजे काय!! सुबोध भावे ह्या वर्षीचा नंबर एक. आणि सुमीत राघवन डॉ. लागू म्हणून आला तेव्हा मी खरोखर नमस्कार केला हो. मी कट्यार, रायगडाला, अश्रूंची झाली फुले हे सगळं शिवाजी मंदिरला बघितलेली बाई आहे. काशिनाथ घाणेकर एंट्री घ्यायचे तेव्हा थिएटरातली हवा बदलायची, ते ह्या सिनेमात आलंय. दिवाळीत ८ नोव्हेंबरला लागला तेव्हा त्याच दिवशी मोठा हिंदी सिनेमा आला म्हणून आमच्याकडे याला सकाळी नऊचा शो दिला. दिवाळीच्या फराळाचं सोडून सकाळी नऊला कोण जाईल? आम्ही पाच जणी गेलो, आणि हाउसफुल होता!

मला काय दिसलं? मेकअपच्या आरशासमोर बसलेला नट, ज्याला बाहेर जायची घाई आहे आणि घरी जायची नाही.

---

एडिसनकर | ३० डिसेंबर, रात्री ९:३० (भारताची वेळ)

न्यू जर्सीहून हजेरी. मला आमच्या इथे रोमा थिएटरात बघायला मिळाला म्हणून सांगतो, शेवटचा समुद्राचा सीन मोठ्या पडद्यावर बघणं हा वेगळाच अनुभव आहे. घरकाम करणाऱ्या क्लिओला पोहता येत नाही आणि ती पोरांसाठी लाटांत शिरते, कॅमेरा तिच्याबरोबर आडवा चालत जातो आणि कट नाही. लाटांचा आवाज आधी डावीकडे, मग डोक्यावर. आपण पण पाण्याखाली. दिग्दर्शक क्वारोनने कॅमेरा स्वतःच केलाय, आणि यालित्झा अपारिसिओने आधी कधीच अभिनय केला नव्हता, शिक्षिकेचं शिक्षण घेतलेली मुलगी. घरकाम करणाऱ्या मावशी आपल्या सगळ्यांच्या लहानपणी होत्या ना, मला आमच्या शांताबाई आठवल्या. त्या कुठल्या गावच्या ते मी कधी विचारलं नव्हतं.

दुसरं, माझ्या ११ वर्षांच्या मुलाचं मत पण ह्या धाग्यावर असायला हवं. स्पायडर-व्हर्स, स्पायडरमॅनचा अॅनिमेशन सिनेमा. तो म्हणाला "बाबा, हा धडपडतोय ते हलण्यातच दिसतंय". मग मी वाचलं तर खरंच, नवख्या स्पायडरमॅनला, माइल्सला, जेव्हा जमत नसतं तेव्हा त्याचं चित्र सेकंदाला बाराच वेळा बदलतं आणि शेजारी अनुभवी पीटरचं चोवीस वेळा. म्हणजे तो अडखळतो ते चित्रांच्या संख्येतच अडखळतो. हे पोराला आकडे माहीत नसताना दिसलं. मला नव्हतं दिसलं.

आणि मिशन इम्पॉसिबल: फॉलआउट मधली विमानातून उडी. सगळे टॉम क्रूझचं नाव घेतात, त्याच्या समोर डोक्यावर कॅमेरा बांधून उलटं तोंड करून उडी मारणाऱ्या क्रेग ओब्रायनचं कुणी घेत नाही. शंभरच्या वर उड्या मारल्या त्यांनी, आणि हवा तसा संधिप्रकाश दिवसातून तीनेक मिनिटंच मिळायचा, म्हणजे दिवसाला एकच खरा टेक. फोकस चुकला तर उद्या परत विमान.

---

कर्वेरोडकर | ३० डिसेंबर, रात्री १०:०२

क्रेग ओब्रायनचं माहीतच नव्हतं! असल्या माणसांसाठीच हा धागा आहे.

बाकी, बातमी बघितलीत का सगळ्यांनी? आज सकाळी दिग्दर्शक मृणाल सेन गेले. ९५ वर्षांचे होते. त्यांचा भुवन शोम आठवतो का कुणाला? आम्ही फिल्म क्लबमध्ये बघितला होता. उत्पल दत्तने केलेला कडक साहेब आणि आपली सुहासिनी मुळ्ये, तेव्हा केवढी पोर होती ती. सौराष्ट्रातली ती वाळू, आणि कॅमेरा के. के. महाजन, तोही आपल्याच इन्स्टिट्यूटचा.

---

कान_उघडे | ३० डिसेंबर, रात्री १०:२०

भुवन शोम मध्ये ती मुलगी झोपाळ्यावर बसलेली असते आणि साहेब बघत असतो, ते कधी विसरणार नाही. श्रद्धांजली.

---

जगबुडीकाठचा | ३१ डिसेंबर, सकाळी ८:१०

मृणालदांना श्रद्धांजली.

काल रात्री साउंडवाल्यांची पोस्ट वाचून तुंबाडचा विचार करत झोपलो. भाषेबद्दलचं माझं मत बदलणार नाही, पण "पाणी पडतंय पण काही उगवत नाहीये" हे मधली_रांग यांचं म्हणणं डोक्यात राहिलं. आमच्याकडे एका पडक्या खोताच्या घराबद्दल बायका अगदी हेच म्हणतात, की तिथल्या परसात काही लागत नाही. परत बघेन एकदा.

---

मधली_रांग | ३१ डिसेंबर, संध्याकाळी ६:४५

काल रात्री आणि आज दुपारी रजा होती म्हणून रेडू पूर्ण बघितला. जगबुडीकाठचा, तुम्ही बटणाचं लिहिलंत ते तर आहेच, पण मला छाया कदम परत दिसली. नवरा रेडिओसाठी वेडापिसा होतो तेव्हा ती आधी चिडते, आणि मग एका क्षणी तिला कळतं की ह्याचं दुःख खरं आहे, आणि ती चिडायची थांबते. तो क्षण तिने आवाज खाली आणून केलाय, चेहरा तसाच ठेवून. वर्षातली कलाकार हा माझा निर्णय आता पक्का.

मग कान_उघडेंचं ऐकून रोमा पुन्हा लावला, ह्या वेळेस भावाचे चांगले हेडफोन मागून आणले आणि पहिली दहा मिनिटं डोळे मिटून ऐकली. बोहारणीसारखी कुणाचीतरी हाक, पक्षी, कुत्रा, लांबून रस्ता, जिन्यावरून उतरणारी पावलं, नळ. मला स्पॅनिश येत नाही तरी घर कळलं, कुठे जिना, कुठे अंगण.

वहीत खोडाखोड केलीये. "सगळ्यात चांगला पाऊस" आता तुंबाड आणि ई मा याव दोघांना मिळून (तो बघितला नाहीये अजून पण मांडवीचो_वारो यांच्या छत्र्यांवर माझा विश्वास आहे, सबटायटलसकट कुठे मिळेल ते कुणी सांगा). "खांदे: मोहन जोशी" कर्वेरोडकरांच्या नावाने. "एक सेकंद: श्रीनिवास पोकळे" आणि "चूल: देविका दफ्तरदार" वैनगंगांच्या नावाने. "आरसा: सुबोध भावे" गोधडीआजींच्या नावाने. "बारा आणि चोवीस" एडिसनच्या चिरंजीवांच्या नावाने. आणि अगदी खाली नवीन रकाना काढलाय, "काय ऐकू आलं", हा बाबांच्या प्रश्नात नव्हता. त्यात पहिलं नाव कुणाल शर्मा.

परियेरुम पेरुमल आणि ९६ ह्या दोन तमिळ सिनेमांबद्दल कुणीतरी लिहायला हवं, मी दोन्ही बघितलेत पण मला तमिळवाल्या एखाद्या मराठी माणसाकडून ऐकायचंय. चेन्नईत कोण आहे इथे?